हवेची सुई

शहादेव शिरूर कासारच्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्डाचं आणि सफाईचं काम करतात. वय साठीच्या अलीकडे. दवाखाना लहान, पण खाट रिकामी राहत नाही. उन्हाळ्यात तर पेशंट स्वतःच सांगतो, लई गळाटा आलाय, एक सलाईन लावा. डॉक्टर नाही म्हणाले तर तो समोरच्या दवाखान्यात जातो. त्यामुळे संध्याकाळपर्यंत जिन्याखालच्या खोलीत रिकाम्या बाटल्यांचा ढीग होतो.

ही जिन्याखालची खोली शहादेवांची. तिथं दवाखान्याचा कचरा वेगळा करायचा असतो. रक्ताचा कापूस, बँडेज, बाळंतपणातली वार पिवळ्या पिशवीत. बाटल्या, नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. सुया पांढऱ्या डब्यात. एक दिवसाआड बाहेरगावच्या प्रक्रिया केंद्राची गाडी येते, पिशव्यांचं वजन होतं आणि माल जातो. पिवळं जाळतात. लाल आधी वाफेत शिजवतात, मग त्याचा चुरा करतात. बाटली आणि नळी कापूनच लाल पिशवीत टाकायची असा नियम आहे, म्हणजे ती कुणी पुन्हा वापरू नये. शहादेवांना तो माहीत होता. नवीन आलेल्या बायकांना तेच शिकवत. पण गेल्या फेब्रुवारीपासून कात्री खुंटीलाच होती, कारण बाटल्या शहादेव घरी नेत होते.

त्यांचं गाव शिरूरपासून सायकलच्या अंतरावर आहे. आदल्या वर्षी जूनमध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा अनिल मोटारसायकल घसरून गेला. अस्थी नदीत सोडायची रीत त्यांच्या बौद्ध वस्तीत राहिलेली नाही. बांधावर खड्डा घेऊन राख त्यात टाकली आणि वर पिंपळाचं रोप लावलं. स्मशानाच्या वाटेनं लिंबाची रोपं लावली, कारण अंत्यविधीच्या दिवशी लोकांना उभं राहायला सावली नव्हती. पावसाळा अर्ध्यात थांबला. पौषात वस्तीला टँकर सुरू झाला. टँकरचं पाणी झाडाला घातलं की बायका बोलतात, आणि त्यांचं चुकतही नाही.

बाटलीनं पाणी कमी लागतं. काठी रोवायची, बाटली उलटी टांगायची, नळीचं टोक रोपाच्या बुडाशी सोडायचं आणि नळीवरचं चाक फिरवून थेंब धरायचा. एक बाटली दिवसभर पुरते. मराठवाड्यात ही युक्ती बऱ्याच जणांनी केली आहे. बहुतेक लोक बाटलीचं बूड कापतात आणि वरून पाणी ओततात. शहादेवांनी कापलं नाही. कापलेल्या बाटलीत कावळे चोच घालतात, धूळ पडते, नळी तुंबते. त्यांनी बाटली अख्खी ठेवली. भरायची झाली की नळी काढायची, बाटली बादलीत बुडवून दोन्ही हातांनी दाबायची आणि सोडायची. ती पाणी ओढून घेते.

अख्ख्या बाटलीला एक गोष्ट लागते. आत हवा गेली नाही तर थेंब थांबतो. दवाखान्यातही तसंच असतं, म्हणून सलाईन लावताना बाटलीच्या बुडाशी एक साधी सुई टोचून ठेवतात. तिला दवाखान्यात हवेची सुई म्हणतात. शहादेवांनी ती तशीच राहू दिली. कुणी विचारलं तर सांगत, "ती सुई मानसाला लागलेलीच नसती. तिनं नुसती हवा खाल्लेली असती."

रोपं तगली. मग मागणी आली. गावातल्या पोरांनी मोबाईलवर फोटो फिरवले. सुंदरराव हे गावातले मोठे जमीनदार, त्यांनी सीताफळाच्या बागेसाठी गोणीभर बाटल्या मागवून घेतल्या. शेजाऱ्यांनी शेवग्याला नेल्या, कुणी अंगणातल्या जास्वंदीला. दवाखान्यातल्या सिस्टरांना वाटायचं, कचरा कमी होतो आणि झाडं जगतात. डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

अनिलची बायको वनिता चोवीस वर्षांची. अनिल गेल्यावर ती माहेरी गेली नाही. माहेरची माणसं ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर पाडव्यापर्यंत घराला कुलूप असतं. ती सासू-सासऱ्यांकडेच राहिली, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि सकाळ-संध्याकाळ बाटल्या भरायची. शहादेवांनी तिच्यासाठी स्थळ पाहायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या बायकोनं, जाईबाईंनी, आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. नंतर जाईबाईंनीच स्थळ आणलं. नांदूरघाटचा समाधान, वीज कंपनीत कंत्राटी वायरमन. बायको काविळीनं गेलेली, मूल नाही. आंबेडकर जयंतीच्या आधी बोलणी झाली. लग्न बुद्ध पौर्णिमेला विहारात करायचं ठरलं.

जयंतीचा मांडव सोडला त्या सकाळी वनिता बाटल्या भरत होती. पिंपळाची बाटली तिनं बादलीत बुडवली आणि दाबली. बाटली जुनी, उन्हानं मऊ पडलेली. ती चपटी झाली तसं आतलं सुईचं टोक समोरच्या बाजूनं बाहेर आलं आणि तळहातात गेलं. सुई काढून मग बुडवायची, असं शहादेवांनी सांगून ठेवलं होतं. तिला घाई होती, खुरपायच्या बायका निघाल्या होत्या. घरी येऊन तिनं जाईबाईंना हात दाखवला. जाईबाईंनी हळद दाबली. रानात काम करणाऱ्या बाईला बाभळीचा काटा रोज लागतो. हे त्याहून बारीक होतं.

शहादेवांना ते पाचव्या दिवशी कळलं, तेही जेवताना.

"मामा, त्या बाटल्यांच्या सुया तुमीच काढून देत जावा," वनिता म्हणाली. "हाताला लागतेत."

"कुनाला लागली?"

"मला. मांडव सोडला त्या दिशी."

"रगत आलतं?"

"थेंबभर. आत्याबाईनी हळद लावली."

जाईबाई म्हणाल्या, "भाकरी खावा. कावून ताट सारलं? काट्यासारखं तर व्हतं."

शहादेव उठले आणि बांधावर गेले. बाटलीतली सुई काढून कागदात गुंडाळली. हिरव्या टोपीची होती, म्हणजे सिरिंज बसते ते प्लॅस्टिकचं टोक हिरवं. दवाखान्यात हवेसाठी जी सुई वापरतात ती हिरव्या टोपीची. शिरेत सलाईन लावायला जी वापरतात तीही हिरव्याच टोपीची. काही बाटल्यांत त्यांना दोन-दोन सुया खोचलेल्या सापडत. त्यातली एक काढून ते डब्यात टाकत, एक राहू देत. कुठली काढली आणि कुठली ठेवली, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुई डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि झालेलं सांगितलं. डॉक्टरांनी दार लावलं आणि वैष्णवी सिस्टरला बोलावलं. ती दिवसपाळीची.

"बाटलीत हवेसाठी सुई कोणती लावतेस?"

"नवीन, सर."

"प्रत्येक वेळी?"

"हवेसाठी नवीनच. पण पेशंटची काढलेली सुई..." ती थांबली. "गर्दीत डबा लांब राहतो. हातात सुई धरून फिरलं तर कुणाला तरी लागंल, म्हणून बाटलीतच खोचते. नंतर मामा काढतात."

शहादेव म्हणाले, "काढतो. एक."

"आणि दुसरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऱ्हाऊ देतो. थेंब पडाया पायजे."

मग डॉक्टर म्हणाले, "शहादेव, तुम्हाला नियम माहीत नव्हता का?"

"व्हता, साहेब."

"मला पण होता," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फ्रिजमधून लस काढायला सांगितली.

बाटली कुठल्या पेशंटची होती, हे सांगता येणं शक्य नव्हतं. वनिताला काविळीच्या लशीचा पहिला डोस त्याच दिवशी दिला आणि तिला बीडला पाठवलं. शहादेव सोबत गेले. जिल्हा रुग्णालयात समुपदेशक बाईंनी सगळं शांतपणे विचारून घेतलं. टोचल्यापासून तीन दिवसांच्या आत आलं असतं तर गोळ्या सुरू करता आल्या असत्या, एचआयव्हीची शक्यता त्यांनी बरीच कमी होते, असं त्या म्हणाल्या. आता तो वेळ गेला होता. उन्हात राहिलेल्या जुन्या सुईतून लागण व्हायची शक्यता फार कमी, पण नाहीच असं कुणी लिहून देणार नाही. आज रक्त घ्यायचं, मग दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी आणि शेवटचं सहा महिन्यांनी. तोपर्यंत काय समजायचं, असं शहादेवांनी विचारलं.

"काही समजायचं नाही," बाई म्हणाल्या. "वाट बघायची."

परतीच्या एसटीत वनिता खिडकीला डोकं टेकून झोपली. शिरूरला शहादेवांनी उठवलं तेव्हा म्हणाली, "आलं का?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, गावातल्या सगळ्या बाटल्या परत आणा. वनितानं सांगितलं होतं, नांदूरघाटला कळवा. शहादेवांनी आधी बाटल्या धरल्या. ते काम सोपं वाटलं.

शेजाऱ्यांनी दिल्या. काहींनी शिव्या घालून दिल्या. सुंदररावांकडे गेले तेव्हा ते ओट्यावर दाढी करून घेत होते.

"शहादेव, तू काय पाव्हना हायेस का, दिलेली साडी वापस न्यायला?"

"मालक, सुया हायेत त्यात. माझ्या सुनेला लागली."

"मग सुया ने. बाटल्या ऱ्हाऊ दे. बाग वाळंल माझी."

"सुई काढली की थेंब थांबतो. बुडं कापावी लागतील, आन् कापताना कुनाच्या तरी हाताला लागंल. समदंच न्यावं लागतंय."

"हे तुला देताना म्हाईत नव्हतं व्हय?"

"व्हतं."

सुंदररावांनी न्हाव्याकडे पाहिलं. "ऐकलं का? दुसरा कुनी असता तर म्हनला असता, नव्हतं. हा म्हनतो, व्हतं. आता याला काय बोलावं?" मग त्यांनी गड्याला हाक मारली आणि म्हणाले, "हातानं काढू नका बे. चिमट्यानं काढा."

बाटल्या जाड हातमोजे घालून शहादेवांनीच काढल्या. सुया चिमट्यानं ओढून डब्यात टाकल्या. मग जिन्याखालच्या खोलीत बसून बाटल्या आणि नळ्या कात्रीनं कापल्या. गाडीवाला रामकिसन आला तेव्हा लाल पिशव्या जिन्यापर्यंत आल्या होत्या.

"काय हो मामा, शिरूरला कॉलरा आला का काय? का समद्या तालुक्याला एकाच दिशी सलाईन लावलं?"

"मागची हायेत."

"मागची म्हंजी? पार निजामाच्या टायमाची?"

शहादेवांनी पिशवी काट्यावर ठेवली. रामकिसननं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. वजन झालं. गाडी गेली.

उन्हाळा पुढं सरकला. जाईबाईंनी तांब्यानं पाणी घालून पिंपळ धरला. लिंबं निम्मी वाळली.

नांदूरघाटला शहादेव एकटेच गेले. समाधान आणि त्याचे चुलते आप्पाराव ओसरीवर होते. जय भीम झाला, पाणी आलं. शहादेवांनी झाकून काही ठेवलं नाही. सुई, बाटली, सहा महिने. आप्पारावांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमच्या दवाखान्याचा कचरा तुमी घरी नेला."

"हो."

"आन् आता तो आमच्या घरात द्यायला आलात."

"द्यायला न्हाई. सांगाया आलो."

"सांगितलं नसतं तर?"

"तर तुमाला कळलं नसतं," शहादेव म्हणाले.

समाधान म्हणाला, "पौर्णिमा ऱ्हाऊ द्या मंग. शेवटचा रिपोट येऊ द्या." आप्पाराव म्हणाले, "तवर आमी थांबलंच पायजे असं काई न्हाई." शहादेवांनी चहा संपवला आणि परतीची गाडी धरली.

बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर झाली. वनितानं भांडी घासायला मदत केली. लग्न का पुढं गेलं असं एकीनं विचारलं, तर तिनं खरं ते सांगून टाकलं. त्यानंतर खुरपायच्या टोळीत तिच्या तांब्यातलं पाणी कुणी मागेना. घरी जाईबाईंनी तिचा पेला वेगळ्या फळीवर ठेवला.

शहादेव म्हणाले, "पान्यानं व्हत न्हाई त्ये. किती डाव सांगू?"

"म्या कुठं काय म्हनले? जागा न्हाई म्हनून ठिवला."

त्यांनी पेला उचलून बाकीच्यांत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वेगळा होता. आठवडाभर असं चाललं. मग शहादेवांच्या लक्षात आलं, आता तो वनिताच वेगळा ठेवते. त्यांनी तो हलवायचं सोडून दिलं.

तिच्यात फरक पडला असं कुणाला सांगता येत नव्हतं. ती रडली नाही. जेवण कमी झालं नाही. दीड महिन्याच्या तपासणीला गेली, तीन महिन्यांच्या तपासणीला गेली. काही निघालं नाही असं सांगितलं की "बरं" म्हणायची. एकदा जाईबाईंनी विचारलं, भ्या वाटतंय का. ती म्हणाली, "कशाचं?" त्यांना वाटलं हिला समजलेलंच नाही. पण समुपदेशक बाईंनी सांगितलेला शब्द न् शब्द तिला पाठ होता. लशीचे डोस चुकू दिले नाहीत.

दवाखान्यात शहादेव कामावर राहिले. डॉक्टरांनी प्रत्येक खाटेजवळ सुई तोडायचं यंत्र आणि पांढरा डबा ठेवला. बाटलीत सुई खोचायची नाही, असं भिंतीवर लिहून लावलं. वैष्णवी सिस्टर त्यांच्याशी पूर्वीसारखंच बोलायची, फक्त वनिताचं नाव काढायची नाही. शहादेव कात्री घेऊन बसायचे आणि बाटल्या कापायचे. एकदा पेशंटच्या नातेवाइकानं झाडासाठी दोन बाटल्या मागितल्या. त्यांनी त्याच्यासमोर त्या कापल्या. तो म्हणाला, लई हेकट म्हातारा हाय.

शेवटचं रक्त ऑक्टोबरात घेतलं. गावात ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावायचं काम सुरू झालं होतं, मुकादमांचे फोन येत होते. रिपोर्टात काही नव्हतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, आता हे प्रकरण संपलं. वनिता म्हणाली, "बरं."

शहादेवांनी नांदूरघाटला फोन लावला. आप्पारावांनी उचलला. समाधानसाठी दरम्यान दोन ठिकाणं पाहून झाली होती, कुठं जमलं नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते शहादेवांना आधीच कळलं होतं. आप्पाराव म्हणाले, सरकारी रिपोर्टावर आमचा भरवसा नाही, आमच्यासमोर बीडला दुसऱ्या लॅबमध्ये रक्त द्या.

शहादेवांनी फोनवर हात ठेवला आणि वनिताला विचारलं.

"देते," ती म्हणाली. "त्यांचा बी काढा म्हनावं."

"कुनाचा?"

"ज्यांच्याशी लगीन हाय त्यांचा."

जाईबाई चुलीपासून म्हणाल्या, "आगं बाई, पुरुषाचा रिपोट कोनी मागतं का? आलेलं स्थळ घालवती का?"

"त्यांची बायको काविळीनं गेली, आत्याबाई. कोन्ची कावीळ, आपून इचारलं न्हाई."

शहादेवांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी हात काढला आणि जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आप्पाराव बोलत राहिले. सून कुठली आणि तिची जीभ कुठली, असं काहीतरी. शहादेव ऐकत होते. मग पलीकडे फोन कुणीतरी घेतला.

"कवा येऊ?" समाधाननं विचारलं.

तो ठरल्या दिवशी आला, चुलत्यांना न घेता. बीडच्या लॅबमध्ये दोघांनी एकामागून एक हात पुढं केले. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. शहादेव त्यांना बाकावर बसवून चहा आणायला गेले.

समाधान कापसाचा बोळा दाबून बसला होता. सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणाला. थोड्या वेळानं उठून काउंटरवर विचारून आला, लवकर होईल का. नाही म्हणाले. पुन्हा बसला.

"घरी कोनाला सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "चुलत्यांना म्हनलो, कामावर चाललो."

"का?"

"आलं काई त्यात, तर?"

वनितानं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळाला घाम आला होता.

"आमची ती गेली तवा मला बी तपासा म्हनलते डॉक्टर," तो म्हणाला. "गेलोच न्हाई." मग म्हणाला, "तुमी सहा महिने कसं काढले?"

"कामाला जात व्हते."

"आन् रातच्याला?"

"झोपत व्हते. दमल्यावर झोप येती."

संध्याकाळी काउंटरवरून दोन पाकिटं आली. समाधाननं दोन्ही घेतली आणि उघडता येईना म्हणून तिच्याकडे दिली. वनितानं आधी त्याचं उघडलं, वाचलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

"काई न्हाई," ती म्हणाली.

त्यानं ते दोनदा वाचलं. मग भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. शहादेव चहाचे रिकामे कप घेऊन उभे होते. वनिता बाकावरून उठली आणि शिरूरची शेवटची गाडी कधी आहे ते विचारायला बाहेर गेली. तिचं पाकीट बाकावर होतं. ते समाधाननं उघडलं.